डभईची लढाई आणि गुजरातचा मोकासा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पालखेडच्या मोहिमेवरील मागील लेखात, १ एप्रिल १७३१ रोजी बडोदे आणि डभई यांच्या दरम्यान भिलापूरजवळ झालेल्या लढाईचा ओझरता उल्लेख आला होता. पेशवे बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे हे एकाच छत्रपतींचे दोन अधिकारी तेथे समोरासमोर उभे ठाकले आणि सेनापती रणात पडले. त्या एका वाक्यावर मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून प्रश्न आले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (पैठण): पेशवे आणि सेनापती दोघेही शाहू महाराजांचे चाकर. मग एका गुजरातवरून ते एकमेकांच्या जिवावर का उठले? दोन तरुण सरदारांच्या अहंकाराचा हा मामला होता, असे आम्ही ऐकत आलो आहोत.

अहंकार होताच, पण त्याच्या आधी जमाखर्च पाहावा लागतो. १७१९ मध्ये बाजीरावांचे वडील बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या ज्या सनदा आणल्या, त्या दख्खनच्या सहा सुभ्यांपुरत्या होत्या: औरंगाबाद, वऱ्हाड, बीदर, विजापूर, हैदराबाद आणि खानदेश. आजचा मराठवाडा यांपैकी औरंगाबाद, बीदर आणि वऱ्हाड अशा तीन सुभ्यांत विभागलेला होता. पाथरी सरकार तर वऱ्हाडाकडे मोडत असे. या यादीत गुजरात नाही आणि माळवाही नाही. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ मला येथे दिसते.

सनदांमुळे मिळालेला पैसा कसा वाटला जाई, ते एका गावावरून पाहू. गावाचा वसूल हजार रुपये धरला, तर सरदेशमुखीचे, म्हणजे दहाव्या हिश्श्याचे, शंभर रुपये निराळे आणि चौथाईचे, म्हणजे चौथ्या हिश्श्याचे, अडीचशे. या अडीचशेंपैकी चौथा हिस्सा, म्हणजे साडेबासष्ट रुपये, राजबाबती म्हणून छत्रपतींचा. उरलेला सगळा मोकासा. त्यातून चौथाईच्या शेकडा सहा या दराने पंधरा रुपये साहोत्रा पंत सचिवांकडे जाई आणि शेकडा तीन या दराने साडेसात रुपये नाडगौडा छत्रपती आपल्या मर्जीतील माणसाला देत. शेवटी शिल्लक राहिलेले एकशे पासष्ट रुपये हा ऐन मोकासा, आणि तो त्या मुलुखाच्या सरदाराचा. पागा ठेवणे, शिलेदारांना रोजमुरा देणे, सावकाराचे व्याज भागवणे हे सगळे त्याने यातूनच करायचे. म्हणून मुलूख हातचा गेला की सरदाराची फौज दुसऱ्या वर्षी उभी राहत नसे.

या वाटणीत बागलाण आणि गुजरातची बाजू सेनापतींच्या घराकडे होती. त्रिंबकरावांचे वडील खंडेराव दाभाडे यांच्या हाताखालचे पिलाजी गायकवाड यांनी सोनगडला ठाणे बसवले, तर दुसऱ्या बाजूने कंठाजी कदम बांडे गुजरातेत घुसले. पुढे निजामाचा नातलग हमीदखान याने या दोघांना चौथाई कबूल केली आणि मही नदी ही दोघांच्या हद्दीची खूण ठरली. थोडक्यात, सनद नसलेल्या मुलुखात तलवारीने बसवलेला अंमल होता आणि तो बसवण्याचा खर्च दाभाडे-गायकवाडांनी सोसला होता.

अशा वेळी १७३० मध्ये चिमाजी अप्पांनी गुजरातेत उतरून सुभेदार सरबुलंदखान याच्याकडून चौथाई-सरदेशमुखीचा करार पेशव्यांमार्फत करून घेतला. इतर मराठे सरदारांना पेशव्यांनी आवर घालावा, हे त्यातील कलम मुख्य होते. सुभेदाराची बाजूही समजण्यासारखी आहे: तीन जणांना तीनदा देण्यापेक्षा एकाला देऊन पावती घेतलेली बरी. पुढे सरबुलंदखानाच्या जागी आलेला जोधपूरचा अभयसिंह यानेही १७३१ च्या आरंभी बाजीरावांशी हाच व्यवहार केला. तेरा लाख रुपये ठरले, त्यांतील सहा लाख आधी, आणि बाकीचे पिलाजी व कंठाजी यांना गुजरातबाहेर काढल्यावर. दाभाड्यांच्या तळेगावच्या वाड्यात ही बातमी कशी वाटली असेल, याची कल्पना करता येते. बाजीरावांचे म्हणणे असे की, परमुलखाशी तह छत्रपतींच्या नावाने आणि एकाच हाताने व्हावेत. राज्यकारभाराच्या दृष्टीने हे म्हणणे रास्त होते. पण त्यासाठी त्यांनी जो मुलूख निवडला, तो दुसऱ्याच्या पोटापाण्याचा होता.

प्रश्न (जालना): त्रिंबकराव निजामाला मिळाले होते हे खरे आहे का? असेल, तर त्यांना स्वराज्यद्रोही का म्हणू नये?

निजामाशी त्यांचे सूत जुळले होते, यात संशय घेण्याजोगे काही नाही. १७३१ च्या मार्च महिन्यात निजाम आणि माळव्याचा सुभेदार महंमदखान बंगश यांची नर्मदेच्या काठी भेट झाली, आणि त्याच सुमारास सेनापतींची फौज गुजरातेत गोळा होत होती. या दोन गोष्टी एकाच डावातल्या होत्या. आपण छत्रपतींना पेशव्यांच्या वर्चस्वातून सोडवण्यासाठी निघालो आहोत, असे त्रिंबकराव उघड सांगत होते.

द्रोहाचा निवाडा देण्यापूर्वी मात्र त्या काळातील आपल्याच मुलुखाकडे पाहावे. सेनापती धनाजी जाधवांचे पुत्र चंद्रसेन हे बाळाजी विश्वनाथांशी बिनसल्यावर निजामाकडे गेले आणि भालकीची जहागीर घेऊन राहिले. रंभाजी निंबाळकर निजामाकडेच होते. गंगथडी आणि औरंगाबादेकडील मोकासा ज्या सरलष्करांकडे होता, त्या घरातील सुलतानजी निंबाळकरही निजामाला जाऊन मिळाले. गोदाकाठच्या रयतेने हे सर्व डोळ्यांदेखत पाहिले आहे: काल चौथाई वसूल करायला आलेला सरदार आज निजामाच्या छावणीत. सरदाराला दोन धनी उपलब्ध असणे, ही आपल्या भागाची खास स्थिती होती, आणि निजामाने तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. १७२७ मध्ये तर त्याने, चौथाईचे खरे हक्कदार साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी हेच आम्हांस कळत नाही, अशी सबब सांगून पैसा अडकवला होता. पालखेडला, म्हणजे आजच्या वैजापूर तालुक्यात, पाण्यावाचून कोंडला गेल्यावर ६ मार्च १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहाने त्याला ही सबब सोडावी लागली.

शिवाय दुसऱ्या पारड्यात काय होते, तेही मोजले पाहिजे. बाजीराव ज्या अभयसिंहाबरोबर बडोद्याकडे होते, तो बादशहाचाच सुभेदार होता आणि तो पैसे मोजत होता ते मराठे सरदारांना हुसकण्यासाठी. म्हणून द्रोह हा शब्द मी वापरणार नाही. तरीही दोन्ही पक्षांची चूक सारखी होती, असेही मला वाटत नाही. अभयसिंह गुजरातचा पाहुणा होता, आज आहे आणि उद्या नाही. निजाम मात्र दख्खनच्या त्याच सहा सुभ्यांवर हक्क सांगणारा, कायमचा शेजारी होता. तीन वर्षांपूर्वी त्याला वाकवून मिळवलेले सर्व काही त्याच्याच मदतीने पणाला लावणे, हा त्रिंबकरावांचा निर्णय अविचाराचा होता.

प्रश्न (परभणी): प्रत्यक्ष लढाई कशी झाली? बाजीरावांची फौज कमी असूनही ते कसे जिंकले?

बाजीराव लढाईच्या तयारीने गुजरातेत थांबलेले नव्हते. बडोद्याला वेढा पडला होता. निजाम येत असल्याची खबर लागताच त्यांनी तो उठवला आणि ते दक्षिणेकडे वळले. निजाम आणि सेनापती एकत्र येण्याआधी दोघांपैकी एकाला गाठायचे, इतकाच हिशेब होता. पालखेडला त्यांनी अंतराचा उपयोग केला होता, येथे वेळेचा केला. समजुतीची बोलणी शेवटपर्यंत चालू होती, पण डभईच्या वाटेवर दोन्ही फौजांची गाठ पडली आणि बोलणी तेथेच संपली.

सेनापतींकडे संख्या होती, मात्र त्या संख्येत पिलाजींचे लोक, कंठाजींचे लोक, उदाजी पवारांचे लोक आणि त्यांबरोबर आलेले भिल्ल-कोळी अशी सरमिसळ होती. पहिल्या धक्क्यातच नवे लोक फुटले. कंठाजी निघून गेले. जुन्या स्वारांचा जमाव तेवढा सेनापतींभोवती टिकून राहिला. त्रिंबकराव हत्तीवर होते. हत्ती मागे फिरू नये म्हणून त्यांनी त्याच्या पायांत साखळदंड घालवले, आणि धनुष्य ओढता ओढता त्यांच्या बोटांची सालपटे निघाली, असे जुन्या हकिकतींत वर्णन आहे. त्यात थोडी अतिशयोक्ती गृहीत धरली, तरी ते जागचे हलले नाहीत, ही गोष्ट शत्रुपक्षाकडूनही नाकारली गेलेली नाही.

मग गोळी लागली आणि अंबारीत ते कोसळले. ही गोळी समोरून नव्हे, तर मागून आली, असे सांगतात. त्यांचे मामा भाऊसिंग ठोके फितूर झाले होते, अशी परंपरा आहे. रणात पडलेल्या प्रत्येक मोठ्या सरदाराच्या मागे आपली परंपरा एखादा घरभेदी उभा करतेच, म्हणून मी ती परंपरा म्हणूनच नोंदवतो. सेनापती पडताच फौज मोडली. पिलाजींचा एक मुलगा, सयाजी, मारला गेला. पिलाजी स्वतः जखमी होऊन निसटले. उदाजी पवार आणि चिमणाजी दामोदर पेशव्यांच्या हाती लागले. पाठलाग करत बसण्याइतकी सवड बाजीरावांकडे नव्हती. निजाम जवळ होता, त्यामुळे त्यांनी तातडीने दक्षिणेची वाट धरली.

प्रश्न (लातूर): शाहू महाराजांनी हे थांबवले का नाही? आणि त्रिंबकरावांच्या मातोश्री उमाबाई यांच्या हाती तलवार देऊन बाजीरावांचे डोके उडवण्यास सांगितले, ही कथा खरी मानावी का?

महाराजांनी प्रयत्न केला नाही, असे म्हणता येणार नाही. त्रिंबकरावांना साताऱ्यास येण्याबद्दल पत्रे गेली होती आणि बाजीरावांनाही समेटाने घेण्याविषयी सांगणे झाले होते. पण दोघांपैकी एकाला स्पष्टपणे 'गुजरात तुझी नाही' असे सांगण्याची वेळ आली, तेव्हा ते महाराजांनी सांगितले नाही. हा त्यांचा स्वभावही होता आणि अडचणही होती. कोल्हापूरकरांशी त्याच दिवसांत व्यवहार चालू होता. डभईनंतर अवघ्या बारा दिवसांनी, १३ एप्रिल १७३१ रोजी, वारणेचा तह झाला. कोणताच बलवान सरदार दुखावून निजामाच्या दिशेने ढकलणे त्यांना परवडणारे नव्हते, आणि नेमक्या या सावधपणामुळे प्रश्न तलवारीवर गेला. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठी जबाबदारी सातारच्या गादीची आहे. ती बाजीराव-त्रिंबकरावांच्या भांडणाच्या गोष्टीत सहसा झाकली जाते.

तलवारीची कथा बखरी आणि घराण्यांच्या आठवणी यांतून आलेली आहे. महाराज तळेगावास गेले, बाजीरावांना उमाबाईंच्या पायांवर घातले, हाती तलवार दिली आणि बाईंनी क्षमा केली, असा तिचा सारांश. प्रसंग तसाच घडला की नाही, यापेक्षा समेटाच्या अटी अधिक बोलक्या आहेत. त्रिंबकरावांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना सेनापतिपद मिळाले. पिलाजी गायकवाड त्यांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार पाहणारे, होऊन सेनाखासखेल झाले. गुजरात दाभाड्यांची आणि माळवा पेशव्यांचा, अशी वाटणी झाली. मात्र गुजरातच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा पेशव्यांमार्फत सरकारात भरावा, असे ठरले. जिंकलेल्याने मुलूख सोडला आणि वसुलीची मेख मारून ठेवली. पैसा आला नाही, बाकी साचत गेली, आणि वीस वर्षांनी त्याच बाकीच्या नावाने हे भांडण पुन्हा उभे राहिले.

उमाबाईंनी क्षमा केली असेल, पण विसर पडू दिला नाही. १७३२ मध्ये अभयसिंहाच्या माणसांनी डाकोर येथे पिलाजींचा घात केला, तेव्हा बाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. शाहू महाराजांच्या निधनानंतर त्या ताराबाईंच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि पिलाजींचे पुत्र दमाजी त्यांच्या वतीने साताऱ्याकडे उतरले. १७५१ मध्ये दमाजी पेशव्यांच्या कैदेत पडले आणि निम्मी गुजरात देऊन सुटले. त्यानंतर गायकवाडांचा व्यवहार थेट पुण्याशी होऊ लागला. सेनापतींचे घर मधल्या मध्ये राहून गेले. तळेगावला दाभाडे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत, ती चालही डभईनंतर पुण्याला पेशव्यांकडे आली आणि पुढे रमण्यात चालू राहिली.

प्रश्न (उदगीर, महाविद्यालयीन विद्यार्थी): ही लढाई ब्राह्मण विरुद्ध मराठा अशी होती, असे मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात लिहिलेले असते. आपले मत काय?

नावे वाचावीत. दाभाड्यांच्या बाजूने पकडले गेलेले चिमणाजी दामोदर ब्राह्मण होते. दरबारात बाजीरावांना सतत विरोध करणारे श्रीपतराव प्रतिनिधी हेही ब्राह्मणच. उलट बाजीरावांच्या फौजेतील बहुसंख्य स्वार आणि पथके मराठ्यांची होती. दाभाड्यांकडून ब्राह्मण पेशव्यांच्या वर्चस्वाची तक्रार केली जात असे, हे खरे. पण त्यांचा रोष पेशव्यांच्या हाती एकवटत चाललेल्या अधिकारावर होता. हा अधिकार दुसऱ्या कोणाच्या हाती असता आणि त्याने गुजरातच्या चौथाईत हात घातला असता, तरी भिलापूर टळले नसते.

प्रश्न (अंबाजोगाई): मोहरा पडल्यावर निजामाने पुढे काय केले?

निजाम हरलेल्या डावावर दुसऱ्यांदा पैसा लावणारा नव्हता. त्याने बाजीरावांशी बोलणी सुरू केली आणि २७ डिसेंबर १७३२ रोजी दोघांची भेट रोहे-रामेश्वर येथे, लातूरच्या बाजूला मांजरेच्या परिसरात झाली. दख्खनमध्ये मराठ्यांनी चौथाई-सरदेशमुखीपलीकडे त्रास देऊ नये आणि उत्तरेत निजामाने त्यांच्या आड येऊ नये, असा या भेटीचा मथितार्थ सांगितला जातो. मराठवाड्याच्या गावांसाठी याचा अर्थ दुअमली कायम झाली, असा होतो. एकाच चावडीवर निजामाचा आमील आणि मराठ्यांचा कमाविसदार येत, आणि पाटील-कुलकर्ण्यांना दोघांचाही हिशेब ठेवावा लागे.

ही समजूत निजामानेच १७३७ च्या भोपाळ मोहिमेत मोडली आणि त्याला पुन्हा माघार घ्यावी लागली. पैठणच्या वाचकांसाठी एक जोड: १७४० च्या आरंभी बाजीराव आणि निजामाचा मुलगा नासिरजंग यांच्यातला तहही गोदाकाठी, मुंगी-पैठण येथेच झाला.

प्रश्न (गेवराई): आमच्या राक्षसभुवनच्या लढाईतही मराठे दोन्हीकडे होते का?

आरंभी होते. १७६२ मध्ये राघोबादादांनी निजामाची मदत घेऊन आळेगावला पुतण्या माधवराव पेशव्यांना नमवले. पुढच्या वर्षी नागपूरकर जानोजी भोसले आणि गोपाळराव पटवर्धन निजामाच्या गोटात होते. जानोजींना वळवून घेतल्यावर, १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीच्या काठी निजामाची फौज विभागलेली असताना तिच्यावर हल्ला झाला आणि दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. डभईत निजाम वेळेवर पोहोचला नाही, येथे त्याचे मराठे मित्र टिकले नाहीत.

प्रश्न (कन्नड): घरी मोडीतील जुने कागद आहेत. त्यांत 'मोकासा बाब' आणि 'सन इहिदे सलासीन' असे वाचल्याचे एका जाणकारांनी सांगितले. याचा या काळाशी संबंध असेल का?

असू शकतो. मराठ्यांच्या कागदांत शुहूर सन अरबी अंकनामांनी लिहीत. 'इहिदे सलासीन मया व अलफ' म्हणजे ११३१. त्यात ५९९ मिळवले की १७३० येते, आणि हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने ते १७३१ च्या मे अखेरीपर्यंत चालते; डभईची लढाई याच सनात पडते. 'मया' नसून 'मयातैन' असेल, तर मात्र कागद शंभर वर्षांनी अलीकडचा ठरेल, म्हणून सनाची पूर्ण ओळ वाचून घ्यावी. निजामाकडील कागदांत फसली सन असतो आणि तो शुहूरपेक्षा नऊने पुढे असतो. दुअमलीच्या गावांत दोन्ही सन आढळतात, त्यामुळे ११४० आणि ११३१ हे आकडे पाहून दोन निराळी वर्षे समजू नयेत.

मोकासा कोणाकडे होता, ते नाव सहसा मायन्यातच, सनाच्या आसपास सापडते. कागदाला प्लास्टिकचे आवरण चिकटवू नये. घड्या उलगडताना जोर देऊ नये. दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे काढून, पाठीवरील शिक्का आणि मोर्तब यांच्यासह, मोडी जाणणाऱ्यांना दाखवावीत. मूळ कागद कोणाच्याही हवाली करण्याची गरज नाही.